पहिली वीस अक्षरं

खेडगावच्या बागेतला केवडा,
पानाच्या पाठीवर पांढरा, पिठासारखा.
त्याच्या एका प्रथिनाची ओळ माझ्याकडे आहे:
एकशे चौऱ्याऐंशी अक्षरं, सुरुवातीला एम.
सगळ्यांचीच सुरुवात एमने होते,
त्यात कुणाचा मोठेपणा नाही.
प्रश्न एवढाच, की द्राक्षाच्या पेशीत शिरल्यावर
हे जाणार कुठे.

प्रोग्रॅमची भिस्त पहिल्या वीस-तीस अक्षरांवर.
आजवर अशा सुरुवातीची मंडळी जिकडे गेली
तिकडेच हेही जाईल, असा त्याचा हिशेब.
रात्री अकराला, गंगापूर रोडच्या लॅबमध्ये
मी उत्तर वाचते:
हरितलवक, शून्य पॉइंट बासष्ट.
केंद्रक, शून्य पॉइंट एकोणीस.
बाकी किरकोळ.

कॉलेज रोडला खोली बघायला गेले होते.
दारातल्या काकूंनी नाव विचारलं. सांगितलं.
"पूर्ण नाव?"
पूर्ण सांगितलं.
"अगं, खोली कालच गेली."
गॅलरीत 'भाड्याने देणे' वाऱ्यावर हलत होतं.
अशी तीन घरं.
तिथे शून्य पॉइंट काही नव्हतंच.
थेट एक.

मग जेल रोड.
पगारेताईंच्या गच्चीवरची पत्र्याची खोली.
त्यांनीही आडनावच विचारलं
आणि चहा ठेवला.
हे मी विसरत नाही, दोन्ही बाजूंनी.

सर म्हणतात, पेशीत एक बरं असतं.
मुक्काम आला की पत्ता कापून टाकतात,
दाराशीच कात्री असते.
आत गेलेल्याला मग कुणी सुरुवात विचारत नाही;
त्याची घडी बसते, ते कामाला लागतं.
मी मान हलवली.
सरांचं आडनाव दारावरच्या पितळी पाटीवर आहे,
रोज कुणीतरी पुसतं.

मंगळवारी पुण्याहून फोटो आले.
जेलीफिशचा हिरवा उजेड शेपटीला बांधून
तंबाखूच्या पानात सोडलं होतं त्याला.
हरितलवकं नुसतीच लाल, हिरव्याचा ठिपका नाही.
आणि केंद्रकात
मूठभर काजवे कोंबल्यासारखा गोळा.

जावेद म्हणाला, प्रोग्रॅम चुकला की गं.
चुकला.
पण एकोणीस ठेवले होते त्याने,
बाजूला, न बोलता.

वहीत फोटो चिकटवला. तारीख घातली.
खाली सहीच्या जागी
एरवी आद्याक्षरं करते मी.
आज पूर्ण नाव लिहिलं,
डिंक ओला होता, थोडं फिसकटलं.