वर कोण बघतं

पलंगावर सकाळपासून कपडेच कपडे.
मांजराला बसायला जागा नाही,
ते रुसून खिडकीत, वेझर नदीकडे तोंड करून.

कंपनीचं पत्रक सांगतं:
दिवसा सुटसुटीत, डेकवर वाऱ्याला पुरेल असं काही,
आणि एका रात्री कॅप्टनसोबत जेवण,
पोशाख औपचारिक.
औपचारिक म्हणजे कसला, मी ओन्नोला विचारलं.
"दफनाला घालतो तो," म्हणाला,
आणि पुन्हा मोजे जुळवू लागला.
अकरा दिवस, अकरा जोड, वर एक.
"तो कशाला?"
"पाय ओला झाला तर."

चौतीस वर्षं ब्रेमरहाफेनच्या धक्क्यावर
जहाजांचे दोर खांबाला घातले याने, आणि सोडले.
चढला एकावरही नाही.
पाय मात्र रोज ओले.

निळा ड्रेस झिल्केच्या लग्नातला.
चेन बरगड्यांपाशी येऊन थांबते,
दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकावी तशी.
वर स्वेटर घातला तर कुणाला कळतंय?
मला कळेल.
घेतला तरी.

बोटीवर पांढरंच घालतात, असं गेझीना म्हणते.
ती दोनदा जाऊन आलीय.
तिचं सगळंच दोनदा, नवरेसुद्धा.
पांढऱ्या पँटीवर कॉफी सांडते,
त्यात पँटीचा काही दोष नाही.
ठेवली बाजूला.

पोहायचा काळा पोशाख, रबर सैल पडलेलं.
डेकवर गरम पाण्याचं कुंड आहे म्हणे, उघड्यावर:
समोर नॉर्वेचे बर्फाचे डोंगर
आणि आपण आत, शिजत घातलेले बटाटे.
घेतला.

दारामागे खुंटीवर त्याचं नारिंगी जाकीट,
अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांचं.
तो निवृत्त झाला त्याला तीन वर्षं झाली,
खुंटी अजून कामावरच आहे.
मीच म्हटलं, हे घे.
कठड्याशी उभा राहा. खाली फोकेन असेल, हायो असेल,
तो नवा पोलिश पोरगा. लांबून ओळखतील.

तो हसला नाही.
"वर कोण बघतं?
नजर दोरावर असते. ताणलेला दोर तुटला तर पाय जातो.
मी एकदाही वर पाहिलं नाही.
लोक हात हलवतात, असं ऐकलंय."

मी एक मोज्यांचा जोड उगाच उचलला,
परत ठेवला.

मी बघायचे.
हे त्याला कधी सांगितलं नाही.
थर्मास आणि लोणी लावलेला काळा पाव घेऊन
मी कुंपणाशी यायचे, झिल्के बाबागाडीत,
आणि तो खाली वाकलेला असायचा तेव्हा
मी वर.

एकदा सातव्या मजल्यावर एक बाई दिसली.
डोक्याला हिरवा रुमाल,
पोपटी नव्हे, बाटलीच्या काचेचा हिरवा,
एक टोक सुटून वाऱ्यावर.
बाकीचे सगळे कुणाला तरी हात हलवत होते.
ती सफरचंद खात होती.
सावकाश, बियांपर्यंत.

त्याच आठवड्यात तसा रुमाल आणला मी.
पस्तीस वर्षं झाली, घडी मोडलेली नाही.
मोडणार कुठे होते?
मासळीच्या कारखान्यात केसांना जाळी लागते.
आज उलगडून पाहिला:
घडीच्या जागी रंग उडालाय,
चार फिकट रेघा, इस्त्रीने न जाणाऱ्या.

"हा कशाला? पत्रकात नाही," ओन्नो म्हणाला.
"वाऱ्याला," मी म्हटलं.

मग बॅग लागेना.
त्याने तिच्यावर गुडघा रोवला, पट्टा आवळला
आणि सवयीने वर एक गाठ मारली,
जी त्याच्याशिवाय कुणाच्या बापाला सुटायची नाही.
जाकीट खुंटीवरच राहिलं.
मांजर पांढऱ्या पँटीवर जाऊन झोपलं.

"थांब," मी म्हटलं, "सफरचंदं राहिली."
"बोटीवर ढिगाने असतात."
"असू देत."

धक्क्यावर उद्या कुणीतरी थर्मास घेऊन उभी असेल.
नसेलही.
एक सफरचंद मी कोटाच्या खिशात टाकलं.