पंचाहत्तर सेंटिमीटर

लर्विकच्या दुकानात ती पोरगी आम्हाला दिवे दाखवते,
बाजारात वासरं दाखवावीत तसे:
हा पितळी, हा दुधी काचेचा, हा वेताचा,
आणि हे तीन एका दांडीवर, हल्ली सगळे हेच नेतात.
"किचन आयलंडवर तीनच शोभतात," ती म्हणते.
ऑस्ला मान किंचित तिरकी करून बघते.
लग्नाआधी नाचाच्या हॉलमध्ये
भिंतीला टेकून माझ्याकडे अशीच बघायची,
कडेकडेनं.
तेव्हा कारण वेगळं होतं.

एका बेटावर तर आम्ही राहतोच.
वारा, मेंढ्या, वाळत घातलेलं पीट.
त्यात घरात आणखी एक बेट, हे मुलीचं खूळ,
अबर्डीनहून पैसे पाठवून तिनं करवून घेतलं:
मधोमध ओटा, चारी बाजूंनी मोकळा.
पहिले आठ दिवस मी त्याला धडकत होतो.
ऑस्ला एकदाही नाही.
तिनं पहिल्याच संध्याकाळी तळहात फिरवून
चारही कोपरे पाठ करून टाकले होते.

मला ऑगस्टमध्ये कळलं.
कांदा चिरताना ती खिडकीकडे बघत होती,
कांद्याकडे नुसती बोटं बघत होती.
मग बिस्किटांच्या डब्यात, बिस्किटांखाली, डॉक्टरचं पत्र:
मधलं जाईल, कडा राहतील.
म्हणजे तिच्या नजरेतही एक बेट वर येतंय,
कुठल्या नकाशात नसलेलं,
दर महिन्याला थोडं पसरणारं.
पत्र होतं तसं घडी घालून ठेवलं.
दोन बिस्किटं खाल्ली, म्हणजे डबा उघडल्याला निमित्त.

घरी तालीम झाली होती.
छताच्या हुकाला सुतळी, सुतळीला जाळ्याचा नारिंगी बोया.
लॉरी वायरमन शिडीवर, तोंडात स्क्रू:
वर घेऊ? खाली?
बोया डोलायचा, मांजर उड्या मारायचं.
"ओट्यापासून पंचाहत्तर सेंटिमीटर," लॉरी म्हणाला,
"मग डोळ्यात झोत येत नाही
आणि समोरच्याचं तोंड दिसतं."
ऑस्ला किटली भरायला उठली.
किटली भरलेलीच होती.

तर दुकानात मी म्हणालो,
"मला उजेड लागतो, बाई. भरपूर.
डोळे गेले माझे.
आणि सावली हातावर पडता कामा नये,
सुरी कुठे संपते ते कळलं पाहिजे."
पोरीनं लुमेनचे आकडे वाचले,
पिवळा की पांढरा विचारलं,
मंद करायचं बटण हवं का विचारलं.
ऑस्ला म्हणाली,
"ह्याला चष्मा घे म्हणून किती वर्षं सांगतेय मी."
खोटं बोलताना तिचा आवाज
कधी नव्हे इतका खणखणीत होता.

शेवटी एकच घेतला.
रुंद, बेढब, बाहेरून हिरव्या मिन्याचा,
मेंढ्या भादरायच्या गोठ्यात टांगतात तसला.
पोरीचा चेहरा पडला.
तिनं तो तीनदा कागदात गुंडाळला,
जणू आमची कीव येऊन.

फेरीत खोका ऑस्लाच्या मांडीवर.
बाहेर साडेतीनलाच अंधार.
"हिरवा ना रे?"
"हिरवा."
"आतून पांढरा?"
"आतून पांढरा."
बराच वेळ फक्त पाणी.
मग म्हणाली, "काळी फळीपण घेऊ एक.
पांढऱ्या माशाला."
इतकंच.
मी म्हणालो, "घेऊ."

एकतीस वर्षं ह्याच खाडीत, पाण्याच्या पातळीखाली,
मी इंजिनाशेजारी उभा होतो.
खिडकी नव्हती. किनारा कधी येताना पाहिला नाही,
नुसता ऐकला.
आत्ताही तो सूर उतरताना
आधी मला कळायला हवा होता.
पण तिनं खोक्याची दोरी मनगटाला गुंडाळली,
आणि माझ्याआधी म्हणाली,
"चल, आलो."