दोऱ्याएवढी फट

परभणीत, वसमत रोडला, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर
डॉक्टर गित्ते म्हणाल्या, "मेणावर चाव."
चावले.
दाढांचे ठसे खोल उमटले,
पुढे मेण कोरंच,
चाड्यावरनं हात निसटावा
आणि तेवढंच तास मोकळं राहावं तसं.

"दात सरळच आहेत गं तुझे,
जबडा खाली कलून वाढलाय.
तार दातांना ओढते, हाडाला नाही."
एक्स-रेवर त्यांनी पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या.
कानापाशी जवळजवळ टेकलेल्या,
ओठांकडे फाकत गेलेल्या.

आई चौतीस वर्षं ब्लाउज शिवते.
दोरा दातानंच तोडते, टक्.
मी शेजारी काजं करते.
माझ्या दातांत दोरा सापडतच नाही,
जिभेवर ओला होऊन परत येतो.
"कात्री घे," ती म्हणते. वर बघत नाही.

अण्णा पेरूसुद्धा सुरीनं कापून खायचे.
आम्हाला ती ऐट वाटायची.

सतरावं चालूय. हाड अजून वाढेल,
दोन वर्षं थांबू, मग बघू ऑपरेशनचं.
आईनं पिशवीचा बंद
दोनदा बांधला.

बसमध्ये तिनं माझी हनुवटी चिमटीत धरली,
टेप घरी राहिल्यावर धरते तशी.
"इथनं कापतील?"
"इथनं नाही. वरचा जबडा मागनं थोडा उचलतात,
मग खालचा आपोआप मिटतो."

पेडगाव गेलं तरी ती गप्पच.
मग म्हणाली,
"पाठीत टक्स घेतला की
पुढं गळा बसतो, तसंच की."