कॅबिनेट पिवळं आहे, चालेल का

अशोक चौकातला मैनुद्दीन तराजू न काढताच भाव सांगतो:
"डबा किलोवर. टीव्हीसारखं आहे त्याचे तुम्हीच मला द्या,
काच फोडायची मजुरी पडते की वो अक्का."
कीबोर्डकडे तो बघतही नाही.
बोर्ड मात्र दोन्ही हातांनी उचलतो, उन्हात तिरका धरतो,
पिना मोजतो. तिथं सोनं असतं,
असं मेहुण्यानं त्याला हैदराबादहून कळवलंय.
सगळ्याचे मिळून तीनशे ऐंशी.

चौऱ्याण्णव साली अठ्ठावन्न हजारांना आलं होतं हे.
थोरले गड्डम शेठ कारखान्याच्या दारातच म्हणाले,
एवढ्यात दोन जुने माग आले असते,
आणि माग निदान आवाज तरी करतात.
मी एकवीस वर्षांची. चपला बाहेर काढून
त्या खोलीत जायचं; पंखा त्याच्याकडे, घाम माझ्याकडे.
एक चौकोन भरला की धागा वर,
रिकामा सोडला की खाली.
असे मोर केले मी, कमळं केली, एकदा मागणीवरून
चादरीच्या मधोमध ताजमहाल,
ज्याचा एक मिनार शेवटपर्यंत बुटका राहिला.

कारखाना बंद झाला तेव्हा तीन पगार थकले होते.
त्या बदल्यात रिक्षात घालून हे दिलं.

आता पुण्याहून फोन. निरंजन टिळेकर, आवाज कोवळा,
हे आलं त्यानंतर जन्मलेला असणार.
टर्बोचं बटण दाबलं जातं का? आकडे पेटतात का?
मागचं स्टिकर कुणी खरवडलेलं नाही ना?
बॅटरीनं गळून बोर्ड खाल्ला असेल तर आधीच सांगा.
म्हटलं, ती मीच काढली, दोन हजार तीनला, पकडीनं.
तो जरा वेळ बोललाच नाही.
मग म्हणाला, "वाचवलंत."
मी विचारलं, कॅबिनेट पिवळं आहे, चालेल का.
"पिवळं चालतं, ताई. रंगवलेलं चालत नाही."
संध्याकाळी हे नवऱ्याला ऐकवलं.
तो मिशीला कलप लावत होता.

अकरा हजार ठरले. रविवारी गाडी घेऊन आला,
तान्ह्या बाळासारखं गुंडाळलं, माऊसमधली गोळीसुद्धा मोजून घेतली.
माझं कव्हर मात्र घडी घालून परत दिलं,
बाद चादरीतून शिवलेलं, मोर उलटा आलेला.
"हे ओरिजिनल नाही ना."

निघताना सहज: "आणि ती पुठ्ठ्याची कार्डं, भोकांची?
पूर्ण संच असता तर ह्याच्यापेक्षा जास्त दिले असते."

नरसय्या मामांची कार्डं.
हातानं पंच मारायचे, ओठ हलवत, तेलुगूत मोजत.
हे आल्यावर सहा महिने दाराशी येऊन उभे राहायचे:
भोक कुठं पाडायचं, हे त्याला कोण सांगतं?
मी सांगते मामा, मी.
मान हलवून जायचे. मग येईनासे झाले.
दोरीत ओवलेल्या त्यांच्या माळा, पोतीच्या पोती,
एका हिवाळ्यात आमच्या बंबात गेल्या.
छान जळायच्या. पाणी लवकर तापायचं.

"नाहीत," म्हटलं.

गाडी वळल्यावर धूळ पुसायला वाकले
तर टेबलाच्या डाव्या पायाखाली एक,
चार घड्या घातलेलं, कडा काळ्या.
कधीतरी मीच सारलं असणार.
काढलं नाही.
वर शेंगाचटणीचे डबे मांडलेत.
टेबल हलत नाही.