चारशे पावलं

मुकटी फाट्यावर माझं राज्य आहे,
निंबापासून पेट्रोल पंपापर्यंत.
एका दुपारी रस्ता ओस होता तेव्हा मोजलं,
चारशे पावलं,
वर बारा.

निंबाच्या अलीकडेच धुळ्याहून येणाऱ्याला
समोरचा डिपर मारतो, दोनदा.
ओळख ना पाळख, तरी एवढी माया.
मग काचेआड एक हात खांद्याकडे जातो,
देवळावरून जाताना छातीशी जातो तसा.
थांबायचं नाही, उतरायचं नाही,
फक्त दिसलं पाहिजे.

कोणी पट्टा नुसता ओढून धरतो,
मी आरशातून पुसली जाईपर्यंत मूठ आवळलेली.
कोणी खाचेत खोटी जीभ खोचलेली,
पन्नास रुपयांना मिळते,
गाडीने कटकट करू नये म्हणून.
"लायेलच शे ना, ताई!"
रावेरचा केळीवाला पिकअपमधून सांगतो,
आणि पट्टा असतो त्याच्या पाठीमागून गेलेला,
सीटला आवळलेला,
जशी काही सीटच पळून जाणार आहे.

मेमध्ये मशीन इतकं तापतं
की दंडाआधी माझंच बोट भाजतं.
पांढऱ्या शर्टावर दुपारपर्यंत मिठाचे नकाशे.

जुलैत एकदा चहाला गेले,
रेनकोट बॅरिकेडवर वाळत टाकून.
टपरीतून पाहत राहिले.
एकूण एक गाडी
रेनकोटला पट्टा दाखवून गेली.
टपरीवाला लोटन हसून हसून खोकला,
म्हणाला, बाई, तुम्ही घरीच बसा,
हाच पगार घेईल.

मीही हसले होते.

पंपाच्या पुढे, पहिल्या वळणावर
राखाडी कार बाभळीत शिरली, त्या दिवशीही
माझीच ड्यूटी होती. धावत गेले.
चालवणाऱ्याला ओळखलं मी,
दहा मिनिटांपूर्वी निंबाजवळ
पट्टा लावता लावता त्याने मला मान डोलावली होती.
पट्टा आता खांबाशी सरळ,
गुंडाळलेला,
एक थेंब नाही त्यावर.
रात्री त्याच्या गाडीचा नंबर टाकून पाहिला.
एकही चलन नव्हतं.
माझ्या वहीत तो शहाण्यांतला होता.

पाडव्यानंतरच्या रविवारी
भाचीच्या साखरपुड्याला अमळनेरला निघालो.
गाडी भिकनदादाची, मी पुढच्या सीटवर,
साडी, गजरा, मांडीवर आहेराचं ताट.
वहिनी मागून कुणाच्या तरी सासूची गोष्ट सांगत होती.
समोरून ट्रक आला. डिपर. दोनदा.
आणि ताट सावरत
माझा हात खांद्याकडे गेला,
माझ्या आधी.

खटक्.

तोवर मी बांधलेली नव्हते.
धुळ्यापासून.
फाट्यावर बोरसे उभा होता,
त्याने मला ओळखलं, हसून सॅल्यूट ठोकला.
मी मान डोलावली.

मनात पावलं मोजत होते,
गाडीत ती फार भराभर संपतात.
पंप आला.
दादाचा पट्टा सर्रकन वर गेला,
सवयीने, बोलता बोलता.
माझा अंगठा लाल बटणावर होता.
इथून पुढे माझी हद्द नाही,
बोरसेची नाही, रेनकोटचीही नाही.
वळणावर बाभूळ अजून एका अंगाला सोललेली आहे.

"दादा," मी म्हटलं.
"काय गं?"
ताट मांडीवरून घसरत होतं.