भोकावरचा माणूस

कागदावर माझं पद लांबलचक आहे.
इथे जुबैलमध्ये सगळे म्हणतात होलवॉच,
म्हणजे भोकावरचा माणूस.
गाळाच्या टाकीच्या टपावर एक गोल भोक.
त्यातून माणसं आत उतरतात तळ खरवडायला
आणि मी बाहेर उभा राहतो.
एवढंच.
लेकीने दापोलीहून फोनवर विचारलं,
"पण अब्बा, तुम्ही नेमकं करता काय?"
म्हटलं, उभा राहतो, बाळा.
तिला वाटलं, शिक्षा झालीय.

परमिट चार पानी. वर अरबी, खाली इंग्रजी,
मराठी मी मनातल्या मनात लावून घेतो.
ऑक्सिजन किती, गंधकाचा वायू किती,
कुठला व्हॉल्व बंद, कुठल्या कुलपाची चावी कुणाच्या खिशात.
कायदा म्हणतो, मोजल्याशिवाय आत सोडू नकोस.
मोजलंस ते लिही.
लिहिलंस ते टांग, उतरणाऱ्याला दिसेल असं.
इथवर ठीक.
आमच्याकडेही विहीर उपसायला उतरण्याआधी
दोरीने कंदील सोडायचे,
विझला तर त्या दिवशी कुणी उतरत नसे.

सतरावं कलम तेवढं गळ्यात अडकलं:
आतला माणूस पडला तरी
बाहेरच्या माणसाने आत जाऊ नये.

सेफ्टीवाल्या मिदहतला विचारलं,
हे लिहिलं कुणी? त्याला भाऊबंद नव्हते?
मिदहत मिस्रचा, तिरसट,
चहात चार चमचे साखर घालणारा.
म्हणाला, "आमच्या डेपोत एक पडला.
त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला.
भावाला काढायला फोरमन.
फोरमनला काढायला मी निघालो होतो,
वाटेत बुटाची नाडी सुटली."
आणि चहा ढवळत राहिला, साखर केव्हाच विरघळली होती.
"कुजक्या अंड्याचा वास आला तर घाबर.
येता येता थांबला तर जास्त घाबर.
वास जात नाही तेव्हा, नाक जातं."

मंगळवार होता. सकाळचे नऊ, पत्रा आत्ताच तापलेला.
आत टेकबहादूर, पाल्प्याचा,
उतरताना दरवेळी भोकाच्या कडेला हात लावून
कपाळाला लावणारा.
दोरीची एक ओढ म्हणजे ठीक,
दोन म्हणजे वर घे.
मी एक ओढ दिली.
उत्तर आलं नाही.
पुन्हा दिली.
मग आतला मीटर ओरडायला लागला,
बारीक, एकसुरी, पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा.

हॉर्न दाबला. तिपाईचा चरखा फिरवला.
रिपोर्टमध्ये हे सगळं आहे, मिनिटांसकट.
रिपोर्टमध्ये हे नाही
की हॉर्नच्या आधी
माझा उजवा पाय भोकाच्या आत होता
घोट्यापर्यंत.

चरखा जड नव्हता. माणूस
वाटतो त्यापेक्षा हलका असतो, हे मला माहीत नव्हतं.
डोकं वर आलं, ओठ जांभळे,
मग खांदे, मग हार्नेस,
मग तो माझ्या बुटांवर ओकला
आणि मी आयुष्यात कधी नाही एवढा
कुणाच्या ओकण्यावर खूश झालो.

दवाखान्यात चौथ्या दिवशी त्याने डोळे उघडे ठेवून
छताकडे बघत म्हटलं,
"दाइ, तू आला नाहीस."
तक्रार नव्हती. हजेरी घ्यावी तसं.
मी कलमाचा आकडा सांगायला तोंड उघडलं
आणि त्याच्यासाठी संत्रं सोलत बसलो.

आता तो पुन्हा उतरतो. मी पुन्हा उभा राहतो.
संध्याकाळी परमिट बंद करताना लिहितो,
आत गेले, एक. बाहेर आले, एक.
दुसरा एक जरा दाबून काढतो,
मागच्या पानावर उमटतो.

उजव्या बुटाची नाडी मी हल्ली
मुद्दाम सैल ठेवतो.
गेल्या महिन्यात तपासनीस आला, खाली बघितलं,
वहीत लिहिलं: नाडी बांधलेली नाही, नियमभंग.
मी वाचलं.
सही केली.