सव्वादोनची भरती

तिथीची पाऊणपट म्हणजे भरती,
रुजायमावशी बोटांच्या पेरांवर मोजते.
आज तीज. सव्वादोन.
चंद्र जेवणाआधीच बुडाला.
खवण्याच्या पुळणीवर आम्ही दोघं, एक बॅटरी,
डब्यात बोयटं,
आणि हिरव्या बाटलीला गुंडाळलेलं
दीडशे हात तंगूस.

बॅटरी पेटवायची नाही.
विडी ओढायची ती ओंजळीत.
त्याला उजेडाचा वास येतो म्हणे.

तो, म्हणजे घोळ.
पाण्याजवळ नाव घ्यायचं नसतं,
इथे कागदावर चालेल.
तीन वर्षांपूर्वी याच घळीत
लाट फुटायच्या आत तिनं त्याची पाठ पाहिली.
उपडी होडी वाहत आली असं वाटून
ती पुढे धावली होती, गुडघाभर पाण्यात,
कोण बुडालं ते बघायला.
तेव्हापासून नाताळाआधीच्या काळोखात
ती घरात झोपत नाही.

मी वायरमन.
तिच्या पडवीतला कागदी तारा पेटत नव्हता
म्हणून गेलो, होल्डर बदलला, चहा प्यालो.
तिनं माझे हात उलटेपालटे करून पाहिले,
"रात्रीचो ये," म्हणाली.

दिवसभर खांबावर तारा ओढायच्या,
रात्री ही एकच,
आणि हिच्यातून काही येत नाही.

"दातात धर," ती शिकवते,
"बोटांक फसवता तो. दाताक नाय."
मी धरतो. खारट.
दाढेपर्यंत समुद्र येतो:
शिसं वाळूवर घसटतं,
कुर्ली आमिष कुरतडते,
शेंगटा एकदा हुंगून जातो.
त्याच्या पलीकडे नुसतं लांब, लांब
काही न होणं.

दोन वाजून गेल्यावर ती उठली.
"धर वायच. सुरूत जावन येतंय."
तीन वर्षांत तिनं बाटली
दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नव्हती,
हे मला नंतर कळलं.

मृग पाण्याकडे कलला होता.
लाटेचा कंगोरा निळा पेटायचा,
विझायचा.

मग आलं.
हिसका नव्हे.
जे काहीच होत नव्हतं
तेच एकाएकी जड झालं,
आणि चालू लागलं.

वीस वर्षं एकच धडा गिरवलाय:
तार जिवंत झाली की हात सोड.
विचार मागाहून. आधी हात.

माझ्या हातांनी सोडलं.

बाटली वाळूवरून उड्या मारत गेली,
फेसात एकदा चमकली,
आणि पाण्याचा तो निळा जाळ
तिच्यामागे चिरत गेला
खडकाच्या टोकापर्यंत,
टोकाच्याही पुढे.

ती सुरूतून आली.
माझे रिकामे हात बघितले.
त्या रात्रीत पहिल्यांदा बॅटरी पेटवली,
समुद्रावर नाही, माझ्या तर्जनीवर.
चरा पडला होता. आधी पांढरा,
आमच्या देखत लाल झाला.
तिनं तो अंगठ्यानं मापला,
बाजारात तराजू नसला की मापतात तसा.

"केदो होतो?"
"दिसलो नाय."
"हां," ती म्हणाली, "म्हणजे तोच."

आणि डब्यातली उरलेली बोयटं
एकेक करून पाण्यात सोडत राहिली,
पाहुणा उपाशी गेल्यासारखी.
रागावली असती तर बरं झालं असतं.

आज दुपारी म्हापणच्या वाटेवर खांबावर आहे.
हातमोज्यात बोट ठणकतंय.
इथून माडांवरून समुद्राची एक पट्टी दिसते,
तिच्यात कुठेतरी
एक हिरवी बाटली
उलट्या वाऱ्यानं चाललेली असेल.

खालून कुणीतरी ओरडतं,
"ओ, लाइट कदी येतली?"

मी पट्टीवर नजर ठेवून म्हणतो,
थांबा.
थांबा जरा.